नवरा खालच्या लीगमध्ये खेळायचं म्हणतोय, मी अडवू का?

पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. लिहिणारी मूळची कोल्हापूरकडची, आता लीड्सजवळ राहते, आयटीत नोकरी, लग्नाला आठ वर्षं झाली, चार वर्षांची मुलगी आहे. नवरा इथलाच, रग्बी लीगचा खेळाडू, प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला दांडगा गडी, वय ३३. अकरा सीझन सुपर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये काढले, नोव्हेंबरअखेर कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि क्लबने पुढचं दिलं नाही. दोन महिने घरीच आहे. आता चॅम्पियनशिपमधला, म्हणजे त्याखालच्या लीगमधला, एक क्लब दोन वर्षांचं पार्ट टाइम कॉन्ट्रॅक्ट द्यायला तयार आहे, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी ट्रेनिंग आणि रविवारी मॅच. तिकडे त्याच्या बहिणीचा नवरा इलेक्ट्रिशियन आहे, तो म्हणतोय माझ्याबरोबर ये, काम शीक. नवऱ्याला खेळायचंय, कामाचं नंतर बघू म्हणतो. हिला भीती डोक्याच्या माराची. नोंद झालेली कन्कशन्स, म्हणजे मेंदूला बसलेले धक्के, पाच, न सांगितलेली किती ते त्यालाच माहीत. तो म्हणतो खालच्या लीगमध्ये हिट्स कमी असतात, काळजी करू नकोस. त्यात कोल्हापूरहून आई फोनवर विचारते, "जावई हल्ली टीव्हीवर दिसत नाहीत गं?" आणि हिला काय सांगावं कळत नाही. शेवटी विचारलंय, "ताई, मी त्याला आता थांब म्हणू का? म्हटलं तर जन्मभर मला दोष देईल, नाही म्हटलं आणि उद्या काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

अगं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले. तू लिहिलंयस की तो मुलीला नर्सरीत सोडून येतो, गाडी दारात लावतो, इंजिन बंद करतो आणि अर्धा तास आतच बसून राहतो, तू वरच्या खिडकीतून बघतेस आणि मग लॅपटॉपपुढे येऊन बसतेस. बाकी पत्रात कन्कशन आहे, पैसे आहेत, आई आहे, पण हा अर्धा तास तू एका वाक्यात उरकलास. त्याच्याकडे मी परत येणार आहे, आधी तुझ्या पत्रात पाच वेळा आलेल्या एका शब्दाबद्दल बोलू दे. "खाली." खाली गेला, खालची लीग, खालच्या टीममध्ये.

मी बावीस वर्षं या भागात राहतेय, बॅटली आणि ड्यूजबरीच्या मधे, आणि सुरुवातीची काही वर्षं मलाही वाटायचं की खरी लीग म्हणजे सुपर लीग आणि बाकीचे म्हणजे उरलेसुरले. मग एकदा एका ओळखीच्या मुलाला ट्रेनिंगला सोडायला गेले होते, जानेवारीतला मंगळवार, सहा वाजताच मिट्ट काळोख, बारीक पाऊस. ग्राउंडच्या मागच्या गेटपाशी एक व्हॅन उभी होती, टपावर शिडी बांधलेली, मागचं दार उघडं, आणि त्या दारात पाय खाली सोडून एक दांडगा माणूस प्लॅस्टिकच्या डब्यातून थंड पास्ता खात बसला होता. कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर वाळलेलं. आणि हातातला चमचा लहान मुलांचा, गुलाबी, टोकाला ससा असलेला, घाईत मुलीचाच उचलून आणला असणार. डबा संपवला, सेफ्टी बूट काढून स्टडचे बूट चढवले आणि गेला आत. पहाटे साडेसहापासून भिंती लिंपून आलेला माणूस आता दीड तास धावणार, आपटणार, आणि उद्या परत साडेसहाला कामावर. त्या दिवसापासून मला त्या लीगला "खालची" म्हणायला जीभ वळत नाही.

आणि हे काही नवीन नाही. हा खेळ जन्मालाच असा आला. १८९०च्या आसपास यॉर्कशायर-लँकशायरमधली रग्बी खेळणारी पोरं खाणीत नाहीतर गिरणीत कामाला होती, शनिवारीसुद्धा कामाचा दिवस, मॅचला जायचं तर पगार बुडायचा. त्यांचं मागणं एवढंच होतं की बुडालेल्या दिवसाची भरपाई द्या. लंडनच्या रग्बीवाल्यांनी १८९३मध्ये ते फेटाळलं आणि २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले, तीच पुढे रग्बी लीग झाली. दिवसाला सहा शिलिंग भरपाई, त्याला ब्रोकन टाइम म्हणायचे. म्हणजे तुझा नवरा अकरा वर्षं ज्या खेळावर जगला तो खेळ मुळात आठवडाभर काम करून वर खेळणाऱ्या माणसाच्या पगाराच्या भांडणातून निघालाय. सगळा दिवस फक्त खेळायचं आणि त्याचा महिन्याला पगार घ्यायचा हे मोठ्या प्रमाणावर आलं ते फार फार तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. सुपर लीग सुरू झाली १९९६मध्ये. फेदरस्टोनबद्दल जुने लोक अजून सांगतात की खाणीच्या तोंडाशी उभं राहून शिट्टी मारली की एक फॉरवर्ड वर यायचा, आणि त्या एवढ्याशा गावाने १९८३मध्ये वेम्बलीवर हल नावाच्या क्लबला १४-१२ हरवून चॅलेंज कप नेला.

तेव्हा आईला काय सांगायचं? अगं तू कोल्हापूरची, तुझ्या आईला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. मोठ्या मैदानातून उतरलेला पैलवान तालमीत येतो, पोरांना धरतो, स्वतःही लाल मातीत उतरतो, त्याला कुणी खाली आला म्हणतं का? वस्ताद म्हणतात. सुपर लीगमधला प्रॉप चॅम्पियनशिपमध्ये आला की तिथली एकोणीस-वीस वर्षांची पोरं त्याच्याभोवती असतात, कोपर कुठे ठेवायचं, पडताना खांदा कसा वळवायचा, कुणाच्या नादी लागायचं नाही हे त्याच्याकडून शिकतात. ल्यूक गेल २०१७चा मॅन ऑफ स्टील, म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात भारी खेळाडू, तो २०२३मध्ये चॅम्पियनशिपमधल्या कीथली क्लबकडून खेळला. पॉल साइक्स ब्रॅडफर्ड, लंडन, वेकफील्ड करून ड्यूजबरीत आला आणि चाळिशी उलटल्यावरही खेळत राहिला. बॅटलीची पार्ट टाइम टीम २०२२मध्ये चॅम्पियनशिपच्या ग्रँड फायनलपर्यंत गेली, ली नावाच्या क्लबने तिथे ४४-१२ धुतलं ते सोड, आणि पुढच्या वर्षी तीच पोरं वेम्बलीवर १८९५ कपच्या फायनलला होती, हॅलिफॅक्सकडून १२-१०ने हरली. कपाचं नाव बघ, १८९५. म्हणजे टीव्हीवरही दिसतील जावई, कधीतरी.

आता हे सगळं वाचून तुला वाटेल ताई त्याच्याच बाजूने बोलायला लागली. थांब. त्याचंही एक म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही, आणि ते म्हणजे खाली हिट्स कमी असतात.

स्पीड थोडा कमी असेल, ते खरं. पण शंभर-एकशेदहा किलोची माणसं तीच, ऐंशी मिनिटं तीच, आणि प्रॉपचं काम तेच, डोकं खाली घालून भिंतीत शिरायचं. आणि उलट काही गोष्टी जास्त वाईट होतात. सुपर लीगमध्ये तो दुपारी झोपायचा, फिजिओ हाताशी, डॉक्टर हाताशी, जेवण मोजून. आता दिवसभर शिडीवर उभा राहून संध्याकाळी टॅकलिंग करणार, आणि थकलेला माणूस डोकं चुकीच्या जागी ठेवतो, बरीचशी कन्कशन्स टॅकल करणाऱ्याला होतात, बॉल घेऊन येणाऱ्याला नाही, हे तोच तुला सांगेल. शिवाय सुपर लीगमधून आलेला म्हणून समोरचा प्रत्येक जण त्याला एकदा तरी दणका द्यायला टपलेला असतो. आणि कम्ब्रियात व्हाइटहेवन-वर्किंग्टनला मॅच असली की बसमध्ये तीन तास जायला, तीन यायला, सोमवारी परत काम. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची आहे, ती पण सांगते, आठवड्यातून दोनच ट्रेनिंग म्हणजे ट्रेनिंगमधली आपटाआपटी कमी होते, आणि वर्षभराचा मार धरला तर तिथलाही हिशोब लागतोच. पण "कमी असतात, काळजी करू नकोस" हे उत्तर नव्हे.

डोक्याचं मात्र तुम्ही दोघांनी एकमेकांत ठरवायचंच नाहीये. मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गफलत ही की तू तो निर्णय तुझ्या "थांब" या एका शब्दावर टांगलायस. तू म्हटलं म्हणून थांबला किंवा नाही म्हटलं म्हणून खेळला, दोन्हीकडे ओझं तुझ्याच डोक्यावर. ते डॉक्टरकडे जाऊ दे. जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, न्यूरोलॉजिस्टचं रेफरल मागा, पाचही कन्कशन्सच्या तारखा लिहून न्या, जुन्या क्लबकडून त्याचं मेडिकल रेकॉर्ड मागवा, ते त्याचं आहे, मागायचा त्याला हक्क आहे. आणि नुसत्या एमआरआयवर समाधान मानू नका. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मेंदू ठीक असं नसतं, वारंवारच्या माराचं बरंचसं नुकसान साध्या स्कॅनमध्ये दिसतच नाही, आणि सीटीई नावाचा जो आजार सगळे बोलतात तो तर माणूस गेल्यावरच नक्की ठरवता येतो. म्हणून न्यूरोसायकॉलॉजीच्या टेस्ट करा म्हणावं, आठवण, लक्ष, शब्द सुचणं, रिअ‍ॅक्शन, दोन-तीन तास लागतात. क्लबमध्ये सीझनच्या सुरुवातीला अशा छोट्या टेस्ट झाल्या असतील, ते आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण मग त्याची तुलना त्याच्याशीच करता येते.

आणि डॉक्टरकडे तूही जा. तो सांगणार पाच, तू सांग की चाव्या विसरतो, की गोष्ट वाचताना मुलीचं नाव क्षणभर आठवलं नाही, की मोठ्या आवाजाने चिडतो. हे तू मला लिहिलंस, त्याला बोललीयस का? पत्रावरून तरी वाटत नाही.

रॉब बरोचं, लीड्सच्या त्या लाडक्या माजी खेळाडूचं, तू लिहिलंयस. लीड्समध्ये राहून ते नाव न येणं शक्यच नाही, मे २०२३च्या लीड्स मॅरेथॉनला त्याच्या जुन्या टीममधल्या केव्हिन सिनफील्डने व्हीलचेअर थांबवून त्याला उचलून घेऊन लाइन पार केली ते बघून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते. पण एक फरक मनात ठेव. रॉबला मोटर न्यूरॉन डिसीज होता, २०१७ला तो रिटायर झाला, २०१९च्या डिसेंबरात निदान झालं आणि जून २०२४मध्ये तो गेला. तो रॉबला कशामुळे झाला हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि रात्री तीन वाजता तू नवऱ्याच्या हाताची थरथर मोजत बसलीस तर त्याने तुला किंवा त्याला काही मिळणार नाही. डिमेन्शियाचा प्रश्न वेगळा आणि जास्त जवळचा आहे. २०२१मध्ये बॉबी गोल्डिंग, ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला, वयाच्या ४९व्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झाल्याचं त्याने उघड सांगितलं आणि तो आणि आणखी काही माजी खेळाडू मिळून रग्बी फुटबॉल लीग या खेळाच्या संघटनेविरुद्ध कायद्याने उभे राहिले. तेव्हा तुझी भीती खुळी नाही. नवऱ्याने ती हसण्यावारी नेली तर हे त्याला दाखव. आणि हेडगार्ड घालीन म्हणाला तर सांग, त्याने कान आणि कातडी वाचते, कन्कशन थांबत नाही.

न्यूरोलॉजिस्ट नको म्हणाला तर विषय संपला. तिथे तू "बघूया एक सीझन" म्हणायचं नाहीस, मीही म्हणणार नाही, आणि तेव्हा तो दोष देईल तर देऊ दे, चाळीस वर्षं दोष देत का होईना शेजारी बसलेला बरा. पण हो म्हणाला, किंवा बहुतेक डॉक्टर म्हणतात तसं "धोका हा असा आहे, ठरवा तुम्ही" म्हणाला, तर पुढचं वाच.

पुढचं म्हणजे तो गाडीतला अर्धा तास.

तुला वाटतंय थांबला की प्रश्न सुटला. मलाही एके काळी असंच वाटायचं. माझ्या शेजारी असाच एक खेळाडू राहायचा, बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, नाव सांगत नाही. त्याची बायको माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली होती आणि मी तिला ठणकावून सांगितलं होतं की बस झालं, सरळ थांबव त्याला, गुडघे गेलेत, दोन मुलं आहेत. त्याने ऐकलं. शुक्रवारी शेवटची मॅच, सोमवारी काहीच नाही. मला वाटलं होतं की आता निवांत होईल. पहिला महिना सगळे फोन करत होते, मग फोन थांबले, मग तो दुपारी दोन वाजता ड्रेसिंग गाऊनमध्ये कचऱ्याचा डबा ओढताना दिसायला लागला, मग संध्याकाळी बाटल्या. सोळाव्या वर्षापासून कुणीतरी सांगितलेलं असतं किती वाजता उठायचं, काय खायचं, किती वजन, कुठे उभं राहायचं, तीस माणसांत सतत चिडवाचिडवी, आणि एक दिवस ते सगळं बंद. तो सावरला, पण दोन वर्षं गेली आणि घर मोडता मोडता राहिलं. मी तिला गुडघ्यांचं बरोबर सांगितलं होतं. सोमवारचं काहीच विचारलं नव्हतं. ते मला अजून टोचतं, म्हणून तुला विचारतेय, थांबला तर सोमवारी तो काय करणार?

या खेळाने हे फार वाईट पद्धतीने शिकून घेतलंय. टेरी न्यूटन ग्रेट ब्रिटनचा हुकर, बॅन लागल्यावर खेळ सुटला आणि २०१०च्या सप्टेंबरात, ३१व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यानंतर पुढच्याच वर्षी स्टेट ऑफ माइंड नावाची संस्था उभी राहिली, त्यात माजी खेळाडूच क्लबांमध्ये जाऊन मोकळेपणाने बोलतात. तुला घाबरवायला हे लिहीत नाहीये, पण गाडीत बसलेल्या माणसाला सरळ विचारायला शिक. "तुला जगावंसं वाटत नाही असं कधी होतं का?" असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, असेल तर बाहेर येतो. आणि समॅरिटन्स या इथल्या हेल्पलाइनचा नंबर ११६ १२३, दिवसरात्र, फुकट, फ्रिजवर लावून ठेव, तुझ्यासाठीसुद्धा. रग्बी लीग केअर्स ही खेळाचीच चॅरिटी आहे, खेळ सुटणाऱ्यांना शिकायला, काम शोधायला, बोलायला मदत करते. कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून ते दार बंद होत नाही. त्याला फोन करायला जड जात असेल तर जुन्या क्लबचा वेल्फेअर मॅनेजर त्याला ओळखतो, त्याला तू मेसेज कर.

म्हणून पार्ट टाइम खेळणं मला पडण्यासारखं न वाटता जिन्यासारखं वाटतं, एकदम गच्चीवरून अंगणात उडी मारण्यापेक्षा दोन पायऱ्या मधे. पण जिना खाली कुठेतरी पोचला पाहिजे ना, आणि तिथे मला त्याचं "कामाचं नंतर बघू" खटकतं.

मघाशी ब्रोकन टाइमचं सांगितलं, त्याचा पुढचा भाग फार लोकांना माहीत नसतो. १८९८मध्ये नॉर्दर्न युनियनने, म्हणजे याच खेळाच्या तेव्हाच्या संघटनेने, उघडपणे पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला दुसरं खरंखुरं काम पाहिजे. काम नसेल तर खेळायला बंदी. १९०५मध्ये ती अट काढून टाकली, जाचक होतीच, पण मी तुला सांगते तुमच्या घरापुरती ती परत आण. काम असेल तर खेळ. इलेक्ट्रिशियनचं शिकणं आधी सुरू, रविवारची मॅच त्याच्या भोवती बसवायची. उलट नाही. आपल्याकडे कबड्डीचा चांगला खेळाडू रेल्वेत, पोलिसात, बँकेत स्पोर्ट्स कोट्यातून लागतो, खेळ संपला तरी खुर्ची राहते, माझा मामा तसाच रेल्वेत राहिला आणि पेन्शन घेऊन निवृत्त झाला. इथे तसं काही नाही. खाणी गेल्या, गिरण्या गेल्या, क्लब नोकरी देऊ शकत नाही, आणि क्लबचाही भरवसा काय, ब्रॅडफर्डसारखा चार वेळा सुपर लीग जिंकलेला क्लब जानेवारी २०१७मध्ये लिक्विडेशनमध्ये गेला आणि एका दिवसात सगळ्यांची कॉन्ट्रॅक्ट्स रद्द. आता तिथे नव्याने सगळं उभं राहिलंय, पण त्या दिवशी घराचा हप्ता असलेल्या खेळाडूने काय केलं असेल?

मेहुण्याकडे काम शिकण्यात त्याला लाज वाटते असं तू लिहिलंयस. ती लाज नसेल गं. अकरा वर्षं जे करतो त्यात तो एक्स्पर्ट होता, तेहतिसाव्या वर्षी एकोणिसाच्या पोराकडून वायर कशी सोलायची ते शिकायचं, हाताला येत नाही, सगळे बघतायत, ते कुणालाही अवघडच जाणार. मंगळवार-गुरुवार दोन तास जिथे तो अजून उस्ताद आहे अशी जागा असेल तर दिवसभराचं शिकाऊपण सोसायला सोपं जातं. मी हे तीन-चार जणांच्या बाबतीत बघितलंय. एवढ्यासाठीच मी सरसकट नको म्हणत नाही.

आता ते कॉन्ट्रॅक्ट. दोन वर्षांचं आहे म्हणून तुला ते जास्त सुरक्षित वाटतंय, मला उलट वाटतं, एक वर्षाचं मागा. तेहतिसाव्या वर्षी प्रॉपने एकेक सीझनचाच विचार करावा, ऑक्टोबरात परत टेस्ट, परत बोलणं. आणि सही करण्याआधी क्लबला तोच प्रश्न विचारा जो १८९५मध्ये विचारला होता. रविवारी लागलं आणि सोमवारी कामावर जाता आलं नाही, तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार? पार्ट टाइम क्लबमध्ये ठरलेला पैसा कमी आणि बाकी मॅच फी, विन बोनस असा कारभार असतो, म्हणजे न खेळणाऱ्याला जवळजवळ शून्य. मग खेळाडू काय करतो, डोकं गरगरतंय तरी सांगत नाही. तिथे खरा धोका आहे बघ, पैशाची चणचण आणि कन्कशन हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. म्हणून इन्शुरन्स काय कव्हर करतो, नोकरीचा बुडालेला पगार धरतो का, किती आठवडे, कन्कशननंतर बाहेर बसला तर फी मिळते का, ऑपरेशन लागलं तर प्रायव्हेट की एनएचएसच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, रांगेत, मॅचला डॉक्टर आणि ट्रेनिंगला फिजिओ असतो का, हे सगळं लेखी. तोंडी "आपण बघून घेऊ" म्हणणारा चेअरमन मनाचा कितीही चांगला असो, लेखी. जीएमबी युनियन रग्बी लीगच्या खेळाडूंसाठी काम करते, त्यांच्याकडून कॉन्ट्रॅक्ट वाचून घ्या. मेहुण्यालाही स्पष्ट विचारा, सोमवारी हा लंगडत आला तर चालेल का, कारण घरच्या नात्यात ते न बोलता राहतं आणि मग ख्रिसमसच्या टेबलावर निघतं. आणि तुझ्या पगारातून मिळणाऱ्या इन्कम प्रोटेक्शनमध्ये नवरा धरता येतो का तेही बघ, आणि त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत तो पैसे घेऊन कॉन्टॅक्ट स्पोर्ट खेळतो हे लिहिलेलं असू दे, लपवलं तर क्लेमच्या वेळी नडतं.

एक ओळ घरात ठरवून टाका, डॉक्टरसमोर ठरवली तर उत्तम. आणखी एक कन्कशन झालं की त्याच दिवशी खेळ बंद, मग तो सीझनचा पहिला रविवार असो की फायनलचा आधीचा. ती त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटली पाहिजे, आणि मेहुण्याला, कोचला सांगितली पाहिजे, म्हणजे त्या दिवशी तुला एकटीला आठवण करून द्यायला लागणार नाही. तो म्हणायला तयार नसेल तर तेच तुझं उत्तर समज, मग सही नको.

आणि बोलशील कशी? "थांब" हा शब्द बाजूला ठेव. गाडीत जाऊन बस. खरंच, उद्या तो इंजिन बंद करून बसला की खाली जा, शेजारचं दार उघड आणि बस, लॅपटॉपचं कॉल असेल तर पंधरा मिनिटं पुढे ढकल. आणि त्याला सांग की मी वरून बघते रोज. पुढचं काही पाठ करून जाऊ नकोस. गाडीत दोघं समोर बघत असतात म्हणून बोलणं सोपं जातं, टेबलावर डोळ्यात डोळे घालून या माणसांना जमत नाही, माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. तू कशाला घाबरतेस ते तुझ्या शब्दांत सांग आणि तो कशाला घाबरतो ते ऐकून घे, मला वाटतं त्याची भीती कन्कशनची नाहीच, खेळ नसेल तर तुला आणि मुलीला तो कोण म्हणून दिसेल याची आहे. चुकत असेन तर तोच सांगेल.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं, कारण सिडनी-ब्रिस्बेनहून आणि इथूनही अधूनमधून अशी पत्रं येतात की मुलगा अकॅडमीत निवडला गेला, अभ्यास सोडू दे का. नका सोडू देऊ. ज्या पोरांना अठरा-एकोणिसाव्या वर्षी हातात काहीतरी कौशल्य असतं त्यांना तेहतिसाव्या वर्षी गाडीत बसायची वेळ कमी येते. आणि बेळगाव असो की बार्न्सली, ज्यांचे नवरे, भाऊ खेळ सोडायच्या उंबरठ्यावर आहेत त्यांनी पुढचा सोमवार आधी ठरवा, मग मागचा रविवार सोडा. खेळाच्या अवतीभवती राहायच्या वाटाही पुष्कळ असतात, कोचिंग, गावातल्या अमॅच्युअर क्लबचं बघणं, आणि पस्तिशीनंतर मास्टर्स रग्बी लीग आहे, त्यात वयाप्रमाणे चड्डीचा रंग वेगळा आणि रंग बघून समोरच्याला किती जोरात धरायचं ते ठरतं, आजोबा झालेले लोक खेळतात, फार गोड असतं बघायला. तुझ्या नवऱ्याला दोन वर्षांनी तिथे जाता येईल.

क्लबला पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय असं तू लिहिलंयस. शुक्रवारपर्यंत न्यूरोलॉजिस्ट भेटणार नाही, जीपी भेटला तरी खूप. तेव्हा नवऱ्याला क्लबला फोन करायला सांग, मेडिकल चालू आहे, महिनाभर द्या म्हणावं, तोवर टीमबरोबर फक्त फिटनेस करतो, कॉन्टॅक्ट नाही. अनुभवी प्रॉप सहज मिळत नाहीत, ते थांबतील. आणि नाहीच थांबले, डॉक्टरच्या कागदासाठी महिनाभर कळ काढू शकले नाहीत, तर रविवारी तो डोकं धरून बाहेर आला तेव्हा ते काय करतील ते तुम्हाला आत्ताच कळलं. एनएचएसची तारीख फार लांब मिळाली तर प्रायव्हेटमध्ये एकदा दाखवायचा खर्च काढा, सुट्टीला कोल्हापूरला यायचं सहा महिने पुढे गेलं तरी चालेल, आईला मी सांगितलंय म्हणून सांग. टेस्टचं काय झालं ते मला कळव.